पोतडी भरली! एआरपीजीत काय उचलायचं, काय सोडायचं?

माळ्यावरचं_सामान | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसातल्या मित्राच्या नादाने 'पाथ ऑफ एक्झाइल' हा एआरपीजी (राक्षस मारायचे, सामान गोळा करायचं असा गेम) सुरू केला (पहिला, दुसरा नव्हे). याआधी माझी मजल क्रिकेट आणि गाड्यांच्या गेमपलीकडे गेली नव्हती. विच (चेटकीण) हे पात्र घेतलं आहे, चौथ्या अ‍ॅक्टमध्ये (प्रकरणात) आहे. मारामारी जमतेय. सामान जमत नाहीये.

एक राक्षस मेला की जमिनीवर पाच-सहा नावं पडतात. पांढरी, निळी, पिवळी. मी सगळं उचलतो. घरची शिकवणच तशी. आमच्याकडे श्रीखंडाचा डबा संपला की तो धुऊन, पुसून, झाकणासकट माळ्यावर जातो. त्यामुळे पोतडी दोन-तीन मिनिटांत भरते. मग पोर्टल, मग गाव, मग विक्री, मग परत. आज घड्याळ लावून पाहिलं. दोन तास खेळलो, त्यात निम्मा वेळ निव्वळ हमाली. स्टॅशचे (गावातल्या पेटीचे) चारही फुकटचे टॅब भरलेत आणि आत काय आहे ते माझं मलाच माहीत नाही.

तर जाणकारांनी सांगावं, नवख्या माणसाने नेमकं काय उचलावं? पिवळं म्हणजे चांगलं एवढं मला कळलंय, ते तरी बरोबर आहे का?

जाता जाता: आज जागाच नव्हती म्हणून एक तपकिरी नावाचा साधा रोब जमिनीवर टाकून दिला. अंगावर एकही गुण लिहिलेला नव्हता, नुसती सहा पांढरी सॉकेट (खाचा). ठीक केलं ना?

---

तिरकस_पेठकर | रात्री ११:५८

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. तिन्ही वेळा छातीत कळ आली.

---

वाड्यातली_मनी | रविवार, रात्री १२:०६

😂😂 बिचारा. कोणीतरी सांगा त्याला. मी नाही सांगणार.

---

जुनाबाजार | रविवार, सकाळी ९:३०

मी सांगतो. दादा, तो 'टॅब्युला रासा' होता. सहा सॉकेट, सहाही एकमेकांना जोडलेली आणि सहाही पांढरी, म्हणजे कुठल्याही रंगाचं जेम (कौशल्य देणारं रत्न) कुठेही बसवा. मुख्य कौशल्याला पाच सपोर्ट (त्याचा जोर वाढवणारी) जेम जोडता येतात. चौथ्या अ‍ॅक्टमधल्या माणसाकडे साधारण तीन-चार जोडलेली सॉकेट असतात. अंगरखा म्हणून त्याला काडीची किंमत नाही, त्यावर गुणाची एक ओळही नसते, आणि नव्या माणसाला त्याहून उपयोगी कपडा नाही.

असो. गेलं ते गेलं. माझं दुःख याहून मोठं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

आता मूळ प्रश्न. तुम्ही रंग बघून उचलताय, तिथेच घोळ आहे. रंग फक्त एवढंच सांगतो की वस्तूवर किती गुण असू शकतात. पांढरीवर जादूचा गुण नाही, निळीवर दोनपर्यंत, पिवळीवर सहापर्यंत. ते गुण कामाचे आहेत की नाहीत हे रंग सांगत नाही. 'मारलेल्या शत्रूमागे थोडं जीवन परत' अशा सहा फुटकळ ओळींची पिवळी वस्तू ही पिवळ्या कागदात बांधलेली रद्दीच.

म्हणून मी नव्यांना एकच हिशेब शिकवतो. तुम्ही पुण्यात राहता, लगेच कळेल. चौरस फुटाचा भाव.

तुमची पोतडी १२ × ५, म्हणजे ६० खणांची. हा तुमचा कार्पेट एरिया. चिलखत २ × ३ म्हणजे ६ खण खातं. मोठी दोन हाती हत्यारं बरीचशी २ × ४, म्हणजे ८ खण. शिरस्त्राण, हातमोजे, बूट चार-चार खणांचे. पट्टा दोन खणांचा. अंगठी आणि गळ्यातलं एकेक खणाचं. म्हणजे दहा चिलखतं घेतली की घर भरलं. त्याच जागेत साठ अंगठ्या मावतात. दहा चिलखतांतून एखादं कामाचं निघण्याची आशा किती आणि साठ अंगठ्या-ताइतांतून किती, हे मी सांगायला नको. त्यातून अंगठी, ताईत, पट्टा ही जागा प्रत्येक बिल्डला (पात्र घडवायच्या पद्धतीला) लागते. विचला लागते तशी मराउडरलाही लागते. परशू तुमच्या विचला काय कामाचा?

तेव्हा पिवळ्या अंगठ्या, ताईत, पट्टे कायम उचला. चार खणांच्या वस्तू जिथे तुमची स्वतःची अडचण आहे तिथल्याच. चिलखत-हत्यार फक्त तुमच्या बिल्डचं असेल तर. आठ खणांची पिवळी काठी तुम्ही वापरत नसाल तर तिच्याकडे बघूही नका.

ऑर्ब (वस्तू सुधारायचे गोळे, इथलं चलनही तेच) मात्र सगळे उचला. एक खण, आणि एकावर एक रचले जातात. सुरुवातीला कुठल्या ऑर्बचा काय उपयोग हे कळत नाही. न कळो, उचला.

---

माळ्यावरचं_सामान | रविवार, सकाळी १०:१५

टॅब्युलाचं वाचून नाश्ता गेला नाही. परत जाऊन बघितलं, तो भाग नव्याने तयार झालेला, रोब गायब.

चौरस फूट पटलं. पण एक शंका. नाही उचललं तर विकायला काय उरणार? पैसे कुठून येणार?

---

जुनाबाजार | रविवार, सकाळी १०:४०

कसले पैसे? गावातला व्हेंडर तुम्हाला काय देतो ते नीट बघितलंत का कधी? तो रद्दीवाला आहे. तुमच्या ग्रंथाला ग्रंथाचा भाव देत नाही, किलोचा देतो. पांढऱ्या वस्तूला विस्डम स्क्रोलचा (वस्तूची ओळख पटवून झाकलेले गुण उघडणाऱ्या गुंडाळीचा) तुकडा. ओळख पटवलेल्या निळीला ट्रान्सम्युटेशन ऑर्बचा शार्ड (तुकडा), पिवळीला आल्टरेशन ऑर्बचे शार्ड. पाच तुकड्यांचा एक स्क्रोल, वीस शार्डचा एक ऑर्ब. २०२४ मध्ये या गेममध्ये सोनं आलं खरं, पण ते राक्षस मारून मिळतं, व्हेंडर काही तुमच्या भंगाराला सोनं मोजत नाही.

म्हणजे पोर्टल उघडून, गावात धावून, साठ खण रिकामे करून हातात येतात मूठभर शार्ड. तेवढ्या वेळात पुढचे दोन भाग साफ झाले असते, लेव्हल वाढली असती, आणि चांगले ऑर्ब जमिनीवरूनच मिळाले असते.

रद्दीवाल्याकडे नेण्यासारख्या दोनच गोष्टी. एक, लाल-हिरवं-निळं अशी तीन सॉकेट एकमेकांना जोडलेली वस्तू. तिचा एक क्रोमॅटिक ऑर्ब येतो. पण लहान असेल तरच, मोठ्या चिलखतासाठी वाकू नका. दुसरी, सहा सॉकेटची वस्तू, जोडलेली नसली तरी. तिचे सात ज्वेलर्स ऑर्ब. बाकी जमिनीवर पडू दे. तिथे कोणी झाडू मारायला सांगत नाही.

---

होराड्रिक_काका | रविवार, दुपारी १२:२०

आजकालच्या पोरांना साठ खण मिळतात आणि तरी तक्रार! आम्ही 'डायब्लो २' (२०००) खेळलो तेव्हा १० × ४, चाळीस खण. त्यात पुढे चार्म आले. चार्म अंगावर घालायचे नसतात, पोतडीत ठेवलेले असले तरच चालतात. म्हणजे जितकं बळ वाढवायचं तितकी जागा घालवायची. निम्म्याहून जास्त पोतडी चार्मनी भरलेली, आणि उरलेल्या दहा-बारा खणांत संसार. कोपऱ्यात होराड्रिक क्यूब: बाहेरून २ × २, आतून ३ × ४. चार खण देऊन बारा खण. याला म्हणतात पोटमाळा!

इंजिनिअरिंगला होतो. टिळक रोडच्या एका गल्लीतल्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर खेळायचो. तिथे कळलं सामानाचं मोल. घड्याळ चालू असतं, काउंटरवरचा माणूस 'झालं का?' म्हणत असतो, अशा वेळी माणूस पांढऱ्या टोप्या उचलत बसत नाही. जुनाबाजार म्हणतात ते वेळेचं गणित आम्ही रुपयांत शिकलो.

सोन्याला तिथेही कोणी विचारत नव्हतं. खेळाडूंनी आपसातच 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची अंगठी चलन म्हणून धरली. एका खणाची! चौरस फुटाचा भाव तेव्हाही लोकांना कळत होता, फक्त नाव नव्हतं.

अवांतर: 'डायब्लो ३' ला २०१२ मध्ये खऱ्या पैशांचा लिलाव होता. लोक राक्षस मारायचे सोडून बाजारात बसायचे. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तो बंद केला. माझं मत, फार बरं केलं.

---

तिरकस_पेठकर | रविवार, दुपारी १२:२५

काका, क्यूबचा कार्पेट एरिया की सुपर बिल्टअप?

---

वाड्यातली_मनी | रविवार, दुपारी २:१०

मी या सगळ्या कटकटीतून सुटले कारण मी 'टॉर्चलाइट २' खेळते. माझा कुत्रा माझ्याबरोबर असतो. त्याची पोतडी वेगळी. ती भरली की त्याला गावात पिटाळायचं, तो सामान विकून पैसे घेऊन येतो. जाताना औषधांची यादी दिली तर तीही आणतो. न कुरकुरता. आमच्या घरात दोन पायांचे दोन आहेत, दोघांनाही हे जमत नाही.

माळ्यावरचं_सामान, नवखे आहात तर आधी असं काहीतरी खेळायला हवं होतं. पाथ ऑफ एक्झाइल म्हणजे पोहायला शिकायला थेट मुठेच्या पुरात उडी.

---

शून्य_एक | रविवार, दुपारी ३:४५

कोणी फिल्टरचं बोललंच नाही?? इतकी चर्चा झाली आणि मूळ औषध राहिलंच.

दादा, हा गेम कोऱ्या सेटिंगवर खेळूच नका. लूट फिल्टर म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. त्यात 'शो' आणि 'हाइड' असे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये अटी: अमुक प्रकार, अमुक रंग, अमुक आयटम लेव्हल (वस्तूची पातळी). वस्तू पडली की गेम ही फाइल वरून खाली वाचतो आणि जो ब्लॉक पहिल्यांदा जुळेल तो लागू करतो. लपवायचं म्हटलं की नाव दिसतच नाही. दाखवायचं म्हटलं तर अक्षर मोठं, रंग वेगळा, आवाजसुद्धा वेगळा. वस्तू नाहीशी होत नाही हं, फक्त पाटी झाकली जाते. ऑल्ट दाबून धरलं की झाकलेलंही दिसतं.

स्वतः लिहायची गरज नाही. नेव्हरसिंकचा फिल्टर बहुतेक सगळे वापरतात. फिल्टरब्लेड नावाच्या साइटवर तो हवा तसा बदलता येतो. गेमच्या अधिकृत साइटवर जाऊन 'फॉलो' केलात की गेमच्या ऑप्शनमध्ये नाव येतं, ते निवडायचं. पाच मिनिटांचं काम.

त्यात कडकपणाच्या पायऱ्या आहेत. सॉफ्ट, रेग्युलर, सेमी-स्ट्रिक्ट, स्ट्रिक्ट आणि पुढे. तुम्ही सॉफ्ट किंवा रेग्युलर घ्या. कोणी शहाणा 'उबर स्ट्रिक्ट लाव' म्हणाला तर ऐकू नका. तो शेवटच्या मॅपमध्ये तासन्‌तास पळणाऱ्यांसाठी आहे. चौथ्या अ‍ॅक्टमध्ये तुमच्या अंगावरचे बूट बदलायची वेळ आली असेल आणि बूट दिसणारच नाहीत.

बाय द वे, 'लास्ट इपॉक' मध्ये फिल्टर गेमच्या आतच बनवता येतो, बाहेर कुठे जावं लागत नाही. सगळ्यांनी तसंच करायला हवं.

---

होराड्रिक_काका | रविवार, दुपारी ४:०५

फिल्टरला माझा तत्त्वतः विरोध आहे. सुरुवातीला माणसाने स्वतः वाचलं पाहिजे. वस्तू उचलून, ओळख पटवून, हात पोळून घेतल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याने चाळून दिलेलं पीठ मळायचं असेल तर गहू कळणार कसा?

---

शून्य_एक | रविवार, दुपारी ४:१२

काका, तुम्ही चाळीस खणांत शिकलात तेव्हा एका राक्षसातून दोन वस्तू पडायच्या. इथे गिरणीतून पोती कोसळतात. चाळणीशिवाय गहू दिसतच नाही.

---

जुनाबाजार | रविवार, संध्या. ६:३०

दोघांचंही अर्धं अर्धं घेतो. फिल्टर लावा, सॉफ्ट लावा. पण काकांचा मुद्दा सोडू नका. फिल्टर नाव, सॉकेट, आयटम लेव्हल बघतो. ओळख न पटवलेल्या पिवळीच्या पोटात काय आहे ते त्यालाही दिसत नाही. ते वाचणं तुमचंच काम.

आणि वाचायचं काय, तर आधी स्वतःचं अंग. कॅरॅक्टरचं पान उघडा, सगळ्यात लंगडी जागा शोधा. आग, थंडी, वीज या तिन्ही रेझिस्टन्सची (त्या माऱ्यापासून बचावाची) कमाल मर्यादा साधारण ७५ टक्के. पाचव्या अ‍ॅक्टच्या शेवटी किटावा (तिथला मोठा राक्षस) मारलात की गेम तुमच्या रेझिस्टन्समधून ३० काढून घेतो. दहाव्याच्या शेवटी आणखी ३०. नवे लोक सहाव्या अ‍ॅक्टमध्ये पटापट मरतात आणि म्हणतात माझा बिल्ड वाईट. बिल्ड बरा असतो हो, अंगठ्या दुसऱ्या अ‍ॅक्टच्या असतात!

तुम्ही चौथ्यात आहात, म्हणजे आत्ताच कामाला लागा. पिवळ्या अंगठीवर लाइफ आणि दोन रेझिस्टन्स दिसले की ठेवा, आज लागत नसले तरी. बुटांवर पळण्याचा वेग नसेल तर बाकी कितीही छान असो, मी घेत नाही. ओळख पटवायचे स्क्रोलही याच हिशेबाने वापरा. ज्या अंगाची अडचण आहे त्याच जागेची वस्तू उघडा. परवा एकाला बघितलं, दोन हाती गदांवर स्क्रोल घालवत होता आणि विच खेळत होता.

स्टॅशचं थोडक्यात: चार टॅब म्हणजे १४४ चे चार, बरीच जागा झाली. एक ऑर्बना, एक जेमना, एक 'पुढच्या दहा लेव्हलमध्ये घालीन' अशा वस्तूंना. चौथा सरमिसळ, पण तो भरला की पूर्ण रिकामा करायचा. एकेक वस्तू उचलून 'हे असू दे' करत बसलात की संपलं. स्टॅशमध्ये शोधायची चौकट आहे, तिचा वापर करा. कंट्रोल दाबून क्लिक केलं की वस्तू थेट इकडून तिकडे जाते. हे मला कोणी तीन महिने सांगितलं नव्हतं, ओढत बसायचो.

आणि टॅब लगेच विकत घेऊ नका. घर लहान पडतं म्हणून गोडाउन भाड्याने घेणाऱ्याचं सामान कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

---

तिरकस_पेठकर | रविवार, संध्या. ६:४१

आमच्या शेजारच्यांनी घेतलंय. गोडाउन. सोफा ठेवायला. सोफा २००९ चा आहे.

---

शून्य_एक | रविवार, रात्री ८:००

'असू दे' वाल्यांसाठी अजून एक. लीग (गेमचा हंगाम) साधारण तीन-चार महिन्यांची असते. संपली की तुमचं सगळं सामान स्टँडर्डमध्ये (कायम चालू असलेल्या लीगमध्ये) जातं, तिथे ते 'रिमूव्ह ओन्ली' टॅबमध्ये पडतं. काढता येतं, ठेवता येत नाही. माझ्याकडे असे कित्येक टॅब आहेत. एकही उघडलेला नाही. नवी लीग सुरू झाली की सगळे शून्यापासून. म्हणजे साठवून ठेवलेल्या गोष्टीला एक्सपायरी डेट आहे, असं धरूनच चाला.

---

वाड्यातली_मनी | रविवार, रात्री ८:२२

मग केऑस रेसिपीचं काय? माझा भाचा तेच करतो दिवसभर. पिवळ्या वस्तूंचा पूर्ण संच विकायचा.

---

जुनाबाजार | रविवार, रात्री ९:०५

हो, ती आहे. शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे, बूट, पट्टा, ताईत, दोन अंगठ्या आणि हत्यार, सगळं पिवळं, आयटम लेव्हल ६० ते ७४. एकत्र विकलं की एक केऑस ऑर्ब. एकाचीही ओळख पटवली नसेल तर दोन. वाचायला झकास वाटतं. पण चौथ्या अ‍ॅक्टमध्ये त्या लेव्हलच्या वस्तू पडतच नाहीत, त्यामुळे यांचा आत्ता संबंध नाही. आणि नंतरही, माझं मत विचाराल तर, ती हमालीच आहे. अंगठ्या-ताईत कायम कमी पडतात, चिलखतांचा ढीग साचतो. भाच्याला मजा येत असेल तर करू दे. काहींना रविवारी कपाट लावायलाही आवडतं.

---

माळ्यावरचं_सामान | शुक्रवार, रात्री १०:३०

मंडळी, आठवड्याचा अहवाल.

सोमवारी सॉफ्ट फिल्टर लावला. पहिला अर्धा तास भीती वाटली, काहीतरी हातचं जातंय असं. सारखं ऑल्ट दाबून झाकलेलं बघत होतो. मंगळवारी ती सवय गेली. बुधवारी स्टॅशचा चौथा टॅब उघडला. त्यात अकरा पांढऱ्या ढाली होत्या. विच ढाल घेऊ शकते म्हणून ठेवल्या होत्या, हे आठवतंय, पण अकरा कशाला ते आठवत नाही. सगळ्या रद्दीवाल्याला दिल्या.

गुरुवारी आमच्या भागात दिवसभर लाइट नव्हती, तेव्हा खेळ नाही. पण बसल्या बसल्या वहीत माझ्या रेझिस्टन्सचं कोष्टक मांडलं. बायकोने विचारलं, घराचे हप्ते का? हो म्हणालो.

आज किटावा मेला. ३० गेले, आणि तरी तिन्ही रेझिस्टन्स पन्नाशीच्या वर आहेत, कारण दोन अंगठ्या आणि एक पट्टा आधीच बाजूला ठेवला होता. जुनाबाजार, तुमच्यामुळे. आज दोन तासांत गावात पाच फेऱ्या झाल्या. आधी मोजायची हिंमतच नव्हती.

होराड्रिक काका, रोज एक पिवळी वस्तू नीट वाचतो, गरज नसली तरी. तुमचंही ऐकलं.

आता राहता राहिला तो रोब. रात्री डोळ्यांसमोर येतो. परत मिळवायचा काही मार्ग?

---

शून्य_एक | शुक्रवार, रात्री १०:४४

आहे. 'ह्युमिलिटी' नावाची डिव्हिनेशन कार्ड असतात. नऊ जमली की टॅब्युला रासा मिळतो. नवव्या अ‍ॅक्टमधला ब्लड अ‍ॅक्वेडक्ट हा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तोच तोच पुन्हा पुन्हा पळायचा. फिल्टर कार्ड दाखवेल, काळजी नको.

---

तिरकस_पेठकर | शुक्रवार, रात्री १०:५१

ज्याने टॅब्युला फेकला त्याने नऊ वेळा ह्युमिलिटी जमवायची. गेमवाल्यांकडे पुणेरी माणूस आहे, नक्की.

---

माळ्यावरचं_सामान | पुढच्या बुधवारी, रात्री १:१५

अ‍ॅक्वेडक्टमध्ये पोचलो. सहा झाली, तीन बाकी. एवढ्या वेळा धावलोय की वाटेतले दिवे पाठ झालेत. कोणाकडे जास्तीची पडून असतील तर बघा ना. बदल्यात माझ्याकडे चौदा क्रोमॅटिक आहेत.

---

जुनाबाजार | बुधवार, सकाळी ८:०५

आहेत माझ्याकडे चार. क्रोमॅटिक राहू देत, पुढे लागतील. मी रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात असतो, अकराच्या सुमाराला. चहा तुमचा.

---

तिरकस_पेठकर | बुधवार, सकाळी ८:०९

तिथून येताना पोतडी रिकामी आणा म्हणजे झालं.